डाव्या बाजूची दाढ

डॉक्टर बद्रीनाथ मोकासे यांच्याकडे एक दाढ होती. दातांच्या कॉलेजात उभा जन्म घालवलेल्या माणसाकडे दाढ असावी, यात नवल कसलं? त्यांच्या टेबलाच्या खणात बरण्या भरून दात पडलेले असत. पण ही दाढ बरणीतली नव्हती. ती चष्म्याच्या एका जुन्या डबीत कापसावर ठेवलेली असे, आणि डबीची जागा सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात. वर्षातून एकदा, पहिल्या वर्षाच्या पोरांना दातांची रचना शिकवताना, ती बाहेर निघे.

दाढ खरोखरच देखणी होती. कुठं कीड नाही, कुठं झीज नाही. वरच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ. गालाकडे दोन टोकं, टाळूकडे दोन, आणि पुढच्या आतल्या टोकापासून मागच्या बाहेरच्या टोकापर्यंत गेलेला तो तिरका उंचवटा, जो दिसला की दाढ वरचीच, आणखी काही बघायला नको. खाचा अशा स्वच्छ, की मेणात दाढ कोरायला बसलेल्या पोरानं समोर ठेवून नक्कल करावी. गालाच्या अंगाला दोन मुळं, टाळूच्या अंगाला एक जाड. शिवाय आतल्या पुढच्या टोकाच्या अंगावर एक चिमुकलं पाचवं टोक. हे पाचवं टोक सगळ्यांना नसतं. ज्यांना असतं त्यांच्या घराण्यात उतरत येतं.

सर ती दाढ एखाद्या पोराच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "सांग, कोणत्या बाजूची?"

पोरगं घाबरत दाढ फिरवी. पाचवं टोक जिकडे, ती आतली आणि पुढची बाजू. आत कुठं, पुढं कुठं हे कळलं की दाढेची बाजू सांगायला अक्कल लागत नाही, नजर लागते. मग उत्तर येई, "डावी, सर."

"शाब्बास," सर म्हणत, आणि दाढ डबीत परत जाई. तीसेक वर्षं हेच चाललं होतं. पोरांना वाटे, सरांचा किती जीव आहे या दाढेवर! आणि सरांना दरवर्षी त्या 'डावी'नं एक चटका बसे, तो ते चुपचाप गिळत. वर्षातून एकदा चटका घेतला की बाकीचे दिवस मोकळे, असा काहीतरी हिशेब या शहाण्या माणसानं मनाशी मांडला होता.

त्या वर्षी सरांनी पोरांना घरचा अभ्यास दिला. दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना तोंड उघडायला लावा, कुणाच्या दाढेला पाचवं टोक आहे ते लिहून आणा. सुट्टी संपल्यावर गाडेकर नावाची एक तरतरीत मुलगी वही घेऊन उभी राहिली. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातली. रोज एसटीनं येणारी.

"सर, मला आहे, दोन्ही बाजूंना. पप्पांना आहे, आत्याला आहे. आजोबांना नाही. म्हणजे ते आजीकडून आलं असणार. पण आजीच्या वरच्या दोन्ही दाढा काढलेल्या आहेत, त्यामुळे नक्की नाही सांगता येत."

"दोन्ही कशा काय?"

गाडेकर हसली. "आजीची गंमतच आहे सर. शहाऐंशी साली आमच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं. आजीची उजवी दाढ दुखत होती आणि तिनं डॉक्टरांना डावी दाखवली! चांगली दाढ गेली. आठ दिवसांनी गाल सुजला, मग शहरात जाऊन औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात उजवी काढली. आमच्या घरात अजून कुणी रस्ता चुकला की म्हणतात, भागूबाईला विचारून निघाला होता का?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. बाकी सगळं सरांनी पुढं कसंबसं सोसलं असतं, पण आपण त्या वेळी हसलो, हे त्यांना काही केल्या सोसवेना. तास संपल्यावर ते आपल्या खोलीत जाऊन बसले. छत्तीस वर्षं ज्या बाईचं नाव त्यांनी मुद्दाम आठवलं नव्हतं, ते तिच्या नातीनं भर वर्गात सांगून टाकलं होतं.

खरं काय घडलं होतं, ते सांगतो. पिशोरच्या एका साध्या घरातला बद्रीनाथ तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. शिबिरात दीडशे माणसं. शाळेच्या एका खोलीत मोठे डॉक्टर तोंड तपासत आणि चिठ्ठी लिहीत, शेजारच्या खोलीत विद्यार्थी दात काढत. चिठ्ठीवर एक फुली असे. फुलीच्या चार घरांत जबड्याचे चार भाग, आणि ज्या घरात आकडा, तिथला तो दात. यात एक मेख असते. फुली पेशंटच्या समोर उभं राहून काढलेली असते, म्हणून कागदावरचं डावं घर म्हणजे पेशंटची उजवी बाजू. दातांच्या डॉक्टराच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की दमलेला असला तरच तो चुकतो. बद्रीनाथ सकाळपासून उभा होता. भागूबाईची चिठ्ठी त्यानं सरळ वाचली आणि डाव्या बाजूला सुई दिली.

इथवर चूकच होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण सुई दिल्यावर त्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट उजव्या गालावर ठेवलं आणि म्हणाली, "डाक्टर, इकडची दुकती. ह्या अंगाची." बद्रीनाथनं ते ऐकलं. नीट ऐकलं. छोट्या आरशात त्याला दाढ दिसत होती, तिच्यावर कुठं काळा ठिपका नव्हता, आणि ते पाचवं टोक मात्र लखलखीत दिसत होतं. पुस्तकात असतं तसं, अगदी तसंच. बाहेर रांगेत गलका चालला होता, मोठे डॉक्टर शेजारच्या खोलीतून "आटपा, आटपा" म्हणून ओरडत होते. बद्रीनाथ म्हणाला, "बाई, दुखणं फसवतं. चिठ्ठीत लिहिलंय ते बरोबर असतं. आता हलू नका."

दाढ काढून धुतल्यावर त्याला सगळं कळलं. दाढ आरशासारखी स्वच्छ. तो ती कचऱ्यात टाकू शकला असता, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सांगू शकला असता. त्यानं ती कापसात गुंडाळून खिशात घातली. बाहेर तिचा नवरा कडूबा उभा होता. बायको तोंडातल्या बोळ्यातून काहीतरी सांगतेय हे बघून त्यानं बद्रीनाथला विचारलं, "काय म्हनती ही? दुसरीच काडली म्हनती." बद्रीनाथ म्हणाला, "त्यांनी दाखवली तीच काढली."

हे एवढं एक वाक्य. पुढच्या छत्तीस वर्षांत सर नामांकित झाले, त्यांच्या हाताखालून हजारो पोरं गेली, पण ते वाक्य काही त्यांना मागं टाकता आलं नाही. ते कोटात घेऊन फिरत राहिले.

गाडेकर बोलून गेली, त्यानंतरचे दोन रविवार सरांनी घरात येरझाऱ्या घालण्यात काढले. जेवताना डाव्या बाजूनं चावायला लागले की त्यांचा जबडा थांबे. जाऊन सांगावं, असं सकाळी वाटे. दुपारी वाटे, आता कशाला? म्हातारी बाई, दाढ काही परत येणार नाही, उलट नात माझ्या वर्गात बसते, ती चार पोरांना सांगेल, मग पोरं हसतील. पुढच्या वर्षी निवृत्ती. माणसाचं मन असल्या वेळी वकील होतं, आणि फी न घेता काम करतं. तिसऱ्या रविवारी मात्र त्यांनी गाडी काढली. निघताना गाडेकरला फोन करून सांगितलं, "तुझ्या आजीचं तोंड तपासतो, कवळीचं बघू." हाही बहाणाच.

घर रस्त्याला लागूनच होतं. ओसरीत बाजेवर कडूबा बसलेला, सत्तरी ओलांडलेला, कानानं पार गेलेला. भागूबाई लसूण सोलत होती. नातीचे सर आलेत म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला, सतरंजी टाकली आणि नातीला चहा ठेवायला सांगितलं. तिनं सरांना ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी? तेव्हाच्या काळ्याभोर केसांच्या पोराचा आता टक्कल पडलेला मोठा डॉक्टर झाला होता.

सरांनी आधी खरंच तोंड तपासलं. दोन्हीकडची हिरडी त्या जागी बसली होती, शेजारच्या दाढा कलून पोकळीत झुकल्या होत्या. नात चहा घेऊन आली तेव्हा सर म्हणाले, "बाई, ते शिबिर झालं ना, त्यात तुमची डावी दाढ काढली गेली. मी तिथं होतो. गर्दी फार होती. चिठ्ठी वाचण्यात गोंधळ झाला. चूक तुमची नव्हती."

एवढं बोलून सरांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांना वाटलं, सांगून झालं. छत्तीस वर्षांचं ओझं इतकं हलकं होतं, तर उगाच घाबरलो.

भागूबाई हसली. "मोठ्या मनाचे तुमी, डाक्टर. पन माझंच चुकलं व्हतं. मला डावं-उजवं उमगत नाय."

"असं कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? समद्यांलाच ठावं हाय. पयल्यांदा मला वाटायचं, मी तर बरूबर दाखवली व्हती. मंग समदेच म्हनाय लागले. सासू, हे, पोरं. डाक्टरबी म्हनला, हिनं दाखवली तीच काडली. शिकला-सवरलेला मानूस खोटं कशाला बोलंल? मंग मलाबी वाटाया लागलं, मीच चुकले आसंल." तिनं हात पुढं केला. उजव्या मनगटावर काळा दोरा बांधलेला होता. "म्हून हे बांदलंय. कुनी उजव्या अंगाला म्हनलं का मी आदी दोरा बगती."

नात हसू लागली आणि सरांचा चेहरा बघून थांबली. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी वर्षं त्यांनी एका दाढेचं पाप मनात जपलं होतं, त्या दाढेची निगा राखली होती, तिच्यावर शिकवून शिकवून जणू तिची परतफेड केली होती. आणि इकडे ही बाई रोज आपल्याच हाताकडे बघून, आपला उजवा हात कोणता, हे पडताळत होती.

"गाडेकर," सर म्हणाले, "माणसाची दाढ दुखते तेव्हा त्याला दुखणाऱ्या जागेबद्दल काय चूक होऊ शकते? मागच्या महिन्यात शिकवलंय."

पोरीला कळेना, सरांनी परीक्षा का काढली. "वरची की खालची, यात गफलत होऊ शकते सर. वरचं दुखणं खालच्या जबड्यात जाणवतं."

"आणि बाजू?"

"बाजू नाही चुकत. दुखणं मधली रेघ ओलांडत नाही." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. तिनं आजीकडे बघितलं.

सरांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि उघडून भागूबाईच्या पुढ्यात ठेवली. "बाई, मी मघाशी अर्धंच बोललो. तो डॉक्टर मीच होतो. तुम्ही माझं मनगट धरलं होतं. उजव्या गालावर बोट ठेवून सांगितलं होतं, इकडची दुखते. मी ऐकलं होतं. दुखणाऱ्या माणसाची बाजू चुकत नाही हे मी तेव्हाही शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. तरी मी तुम्हाला खोटं पाडलं. आणि बाहेर तुमच्या मालकांना म्हणालो, त्यांनी दाखवली तीच काढली. माझी अब्रू जाऊ नये म्हणून. ही तुमची दाढ. मला ती आवडली, म्हणून मी ठेवली."

भागूबाईनं दाढ उचलली. लसणाच्या बोटांनी ती चारी अंगांनी फिरवली, टोकांवरून अंगठा फिरवला, उजेडात धरली. बाजार करताना वांगं बघावं तशी.

"कुटं किडलीय?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही, बाई."

"कुटंच नाय?"

"नाही."

तिनं दाढ मुठीत घेतली. रडली नाही, ओरडली नाही. मग बाजेकडे हात करून म्हणाली, "ह्यांला सांगा."

"काय?"

"आता मला सांगितलं ते. समदं. त्यांला कमी आयकू येतं, जोरात बोलावं लागंल."

सर उठून बाजेजवळ गेले. हळू आवाजात सांगता येईल अशी सोयच नव्हती. कडूबाच्या कानाशी वाकून ते पहिलं वाक्य बोलले. कडूबा म्हणाला, "आं?" सरांनी आवाज चढवला. शेजारच्या ओसरीतली बाई उठून दाराशी आली, रस्त्यानं जाणारे दोघे जण थांबले. दंतरचनाशास्त्राचे प्राध्यापक बद्रीनाथ मोकासे आपल्या विद्यार्थिनीच्या देखत, भर गावात ओरडून सांगत होते, "तिनं बरोबर दाखवली होती! उजवी दाखवली होती! मी ऐकलं नाही! तुम्हाला खोटं मी सांगितलं! मी!" दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला.

कडूबाला कळलं. आता हा माणूस शिव्या देईल, असं सरांना वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण कडूबा त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो बायकोकडे बघत होता, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तसा मोठ्यानं बोलला.

"मंग शेताच्या मोजनीच्या वक्ताला तू म्हनली व्हतीस, बांधाचा दगड चिंचंच्या उजव्या अंगाला पुरलाय. तुज्या डोळ्यादेखत बाबांनी पुरला, म्हनली."

भागूबाईनं मूठ आवळली.

"फकिराबी त्येच म्हनत व्हता. मी म्हनलं, हिला कुटं डावं-उजवं कळतंय. तिकडं खनलंच नाय आमी. दगड हलवला म्हून मी भावाला चोर म्हनलो." त्याचा हात बाजेच्या सुंभावर काहीतरी चाचपत राहिला. "फकिरा मेला तवा मी खांदा द्यायला गेलो नाय. इतून तिरडी गेली. मी इतंच बसलो व्हतो."

नातीनं हा विषय आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा; ती आजोबांकडे आणि आजीकडे आळीपाळीनं बघत होती. सर बाजेजवळ वाकलेल्या अवस्थेतच उभे होते. एक दाढ परत करायला ते आले होते, आणि त्या दाढेबरोबर या घरातून आणखी काय काय उपटलं गेलं होतं, ते आता कुठं त्यांना दिसायला लागलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मला माफ—"

भागूबाईनं हातानंच त्यांना थांबवलं. रागानं नाही. तिला आता त्यांच्यासाठी वेळ नव्हता एवढंच. ती उठली, दाढ मुठीत धरून नवऱ्याच्या शेजारी बाजेवर जाऊन बसली. नातीच्या, परक्या माणसाच्या देखत ती त्याच्या शेजारी अशी बसल्याचं त्या घरात कुणी बघितलं नसेल.

"डाक्टर, तुमी जावा आता," ती म्हणाली. "आमाला घरचं बोलायचंय."

सरांनी रिकामी डबी उचलून खिशात घातली आणि पायऱ्या उतरले. अर्धा कप चहा तसाच राहिला होता. एवढा तरी घेऊन जा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.